वाळवंटातील वाटसरू : संत शार्ल द फुको

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी एखाद्या संताचे चरित्र लिहून द्यावे, अशी विनंती स्मरणिका मंडळाने आम्हांस केली, तेव्हा आमच्या मेजावर देवळाच्या जुन्या नोंदवह्या उघड्या पडल्या होत्या. इतक्या वर्षांत बाप्तिस्मे किती झाले, विवाह किती लागले, पहिला ख्रिस्तप्रसाद किती बालकांनी घेतला, याची बेरीज मांडण्यात आमच्या दोन संध्याकाळी गेल्या होत्या. ती बेरीज पाहून आम्हांस समाधान वाटले, हे आम्ही लपवीत नाही. परंतु त्याच क्षणी एका सत्पुरुषाचे स्मरण झाले आणि लेखणी थबकली. त्यांच्या नोंदवहीत अखेरपर्यंत लिहिण्याजोगे जवळजवळ काहीच नव्हते. असे असूनही १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोम येथे त्यांस संतमालिकेत बसविले. आणि आपल्या भारताच्या कन्याकुमारी भागातील हुतात्मा देवसहायम यांनाही त्याच समारंभात तो मान लाभला. त्या सत्पुरुषाचे नाव शार्ल द फुको. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग आफ्रिकेतील सहारा वाळवंटात गेला, आणि त्या आयुष्याला जे वळण लागले ते उंटांच्या तांड्याबरोबर केलेल्या एका दीर्घ प्रवासात लागले. तीच हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे आम्ही योजिले आहे.

शार्ल यांचा जन्म १५ सप्टेंबर १८५८ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग शहरी एका प्रतिष्ठित घराण्यात झाला. वयाच्या सहाव्या वर्षी, १८६४ साली, आईबाप दोघेही गेले. शार्ल व त्यांची धाकटी बहीण यांचा सांभाळ आईच्या वडिलांनी केला. आजोबांचा लळा होता, पैशाची वाण नव्हती. पण तारुण्याच्या उंबरठ्यावर श्रद्धा मात्र हातची निसटली. पुढे ते सैन्याच्या विद्यालयात शिरले, अधिकारी झाले, आणि १८७८ साली आजोबांच्या पश्चात आलेली संपत्ती त्यांनी मेजवान्या व चैन यांत दोन्ही हातांनी उधळली. अल्जीरिया देशात पलटणीबरोबर असता त्यांचे वर्तन इतके बेताल झाले की १८८१ साली त्यांस काही काळ सेवेतून दूर केले गेले. मात्र आपली पलटण दक्षिणेकडे बंडाच्या बंदोबस्तास निघाली हे ऐकताच ते धावत परत आले, आणि वाळवंटातील खडतर मोहिमेत उत्तम शिपाई ठरले. वाळवंटाशी त्यांची ओळख झाली ती अशी. १८८२ साली त्यांनी सैन्याची नोकरी सोडली.

त्या काळी मोरोक्को देशाचा बहुतेक अंतर्भाग युरोपियनांस बंद होता. तो पाहून त्याचा नकाशा काढावा, असा निश्चय शार्ल यांनी केला. जून १८८३ मध्ये ते गरीब यहुदी धर्मगुरूचा वेष घेऊन, मार्दोखे नावाच्या एका खऱ्या यहुदी धर्मगुरूस सोबत घेऊन, त्या देशात शिरले. तळहातात मावेल एवढी चिमुकली वही, बोटभरही नसलेली पेन्सिल आणि कपड्यांत दडविलेली होकायंत्रादी उपकरणे, एवढी त्यांची सामग्री. अकरा महिन्यांनी, मे १८८४ मध्ये, ते अल्जीरियाच्या सीमेवर बाहेर पडले, तेव्हा पूर्वी कोणी न मोजलेल्या सुमारे २,२५० किलोमीटर वाटांचे मोजमाप त्यांच्या हाती होते. पॅरिसच्या भूगोल मंडळाने १८८५ साली त्यांस सुवर्णपदक दिले. या प्रवासाचा दुसरा लाभ मात्र कोणत्याही पदकात मावणारा नव्हता. ठरलेल्या वेळी सारी कामे टाकून देवापुढे लवणारे मुसलमान लोक त्यांनी रोज पाहिले. आणि ज्यांच्यापासून आपली खरी ओळख लपवावी लागत होती, त्यांपैकीच काहींनी ती ओळख कळल्यावरही प्राण पणास लावून आपले रक्षण केले, हेही त्यांनी अनुभवले. देव नाही अशी ज्याची समजूत झाली होती, त्याच्या अंतःकरणात या दोन गोष्टी काट्याप्रमाणे रुतून बसल्या.

पॅरिसला परतल्यावर ते अस्वस्थ मनाने देवळांत जाऊन बसू लागले. १८८६ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस संत ऑगस्टीनच्या देवळात फादर ह्यूव्हलँ यांजकडे ते गेले ते धर्माविषयी चर्चा करण्याच्या इराद्याने. त्या अनुभवी धर्मगुरूंनी चर्चा बाजूस ठेवून त्यांस गुडघे टेकून पापनिवेदन करावयास लाविले, व लगेच ख्रिस्तप्रसाद दिला. त्या सकाळपासून शार्ल यांनी मागे वळून पाहिले नाही. पवित्र भूमीची यात्रा केल्यावर १८९० च्या जानेवारीत ते ट्रॅपिस्ट मठात दाखल झाले आणि त्याच वर्षी सीरियातील अकबेस येथील दरिद्री मठात गेले. तेथील दारिद्र्यही त्यांस पुरेसे वाटेना. १८९७ साली मठ सोडून ते नाझरेथ गावी क्लारा संप्रदायाच्या भगिनींच्या मठात गडी म्हणून राहिले. येशूने जेथे तीस वर्षे कोणाच्या खिजगणतीत नसता काढली, तेथे आपणही तसेच दडून राहावे, ही त्यांची ओढ. अखेर वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याने ९ जून १९०१ रोजी फ्रान्समधील व्हिव्हिए येथे त्यांनी गुरुदीक्षा घेतली, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात ते सहाराच्या काठावरील बेनी अब्बेस या खजुरीच्या बनातील गावी येऊन राहिले.

बेनी अब्बेस येथे त्यांनी मातीच्या विटांची एक झोपडीवजा वास्तू उभारली. भोवती कुंपण घालण्यास पैसा नव्हता, म्हणून जमिनीवर गोट्यांची एक रांग मांडली आणि ही आपल्या मठाची हद्द, हिच्याबाहेर आपण पाऊल टाकावयाचे नाही, असा नेम केला. दार मात्र सर्वांस उघडे होते. भिकारी, वाटसरू, आजारी, शिपाई, गुलाम यांची दिवसभर रीघ लागे. त्या मुलुखात अद्याप गुलामगिरी चालू होती, आणि आपले फ्रेंच सरकार तिकडे काणाडोळा करीत होते, हे पाहून त्यांनी वरिष्ठांस कळकळीची पत्रे लिहिली. जमेल तसा पैसा जमवून काही गुलाम सोडविले. १९०२ साली असा सुटलेला पॉल अंबारेक नावाचा मुलगा पुढे त्यांच्याजवळ राहिला. त्याचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आता गोट्यांची रांग ओलांडण्याचा प्रसंग आला. शार्ल यांचे सैन्यातील जुने स्नेही लापेरीन हे या काळी सहारातील पलटणींचे प्रमुख होते. दक्षिणेकडे होगार पर्वताच्या प्रदेशात तुआरेग नावाचे लोक राहतात. यांच्यात मुखावर वस्त्र घेतात ते पुरुष, स्त्रिया नव्हेत. यांची लिपी स्वतंत्र. उंट हेच यांचे धन. १९०२ च्या मे महिन्यात तीत येथील लढाईत त्यांचा पराभव झाला होता. तुम्ही आमच्याबरोबर या लोकांत चला, असा लापेरीन यांचा आग्रह होता. शार्ल महिनोन्‌महिने घुटमळले. एकीकडे एका जागी स्थिर राहण्याचा नेम, दुसरीकडे जेथे एकही धर्मगुरू पोचला नाही असा अफाट मुलूख. त्यांनी फादर ह्यूव्हलँ यांस विचारिले, सहाराचे धर्माधिकारी गेरँ यांस विचारिले, प्रार्थना केली. आणि १३ जानेवारी १९०४ रोजी बेनी अब्बेस सोडले.

उंटाचा प्रवास म्हणजे काय, याची कल्पना आपल्याकडील वाचकांस थोडीच असावयाची; म्हणून दोन शब्द लिहितो. तांड्याचा उंट तासाला चार-पाच किलोमीटर चालतो, म्हणजे माणसाच्या पावलाहून फारसा पुढे जात नाही. पहाटे थंडीने हात बधिर झालेले असता उंट बसवावयाचे, पलाणे कसावयाची, ओझी दोन्ही अंगांस समतोल बांधावयाची. कारण एक बाजू जड झाली तर तासाभरात जनावराची पाठ सोलून निघते. तुआरेग स्वार वशिंडाच्या पुढे लहान पलाण ठेवतो, अनवाणी पावले उंटाच्या मानेवर टेकतो, आणि पावलांच्या दाबाने व नाकातील वेसणीने त्यास वळवितो. पाणी बकऱ्याच्या कातड्याच्या पखालींत. त्यास डांबराचा वास व चव. अन्न म्हणजे खजूर आणि निखाऱ्यांखालच्या तापल्या वाळूत भाजलेली भाकर. दुपारी ऊन डोळे उघडू देत नाही, तर हिवाळ्यात रात्री पखालीतील पाणी गोठावे इतका गारठा. मुक्काम पडला की उंटांचे पुढले पाय आखूड दोरीने बांधून त्यांस चरावयास सोडतात, आणि सकाळी दूर भटकलेली जनावरे शोधण्यात कधी कधी अर्धा दिवस जातो. विहीर आटलेली निघाली, तर पुढच्या विहिरीपर्यंत चालत राहणे एवढाच उपाय.

उंटाच्या वशिंडात पाणी साठते अशी आपल्याकडे समजूत आहे. ती खरी नव्हे. वशिंडात असते ती चरबी. अंगातील चौथा हिस्सा वजन पाण्यावाचून घटले तरी उंट तग धरतो, आणि विहीर लाभताच दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटरांपर्यंत पाणी पिऊन ती तूट भरून काढतो. दिवसा तो अंग तापू देतो व रात्री ते निवविते, त्यामुळे घामावाटे पाणी फारसे खर्च होत नाही. योगायोग असा की हे गुपित शास्त्रज्ञ श्मिट-नील्सन यांनी १९५३-५४ साली उलगडले तेही बेनी अब्बेस येथेच.

अशा तांड्याबरोबर शार्ल चालू लागले, कधी उंटावर बसून, पुष्कळदा पायी. आद्रार, अकाबली अशी गावे घेत मार्चमध्ये ते लापेरीन यांच्यासह अकाबलीहून दक्षिणेस निघाले, आणि सुमारे एक महिन्याच्या वाटचालीनंतर एप्रिलात तिमियाविनच्या विहिरीपर्यंत पोचले. वाटेत मुक्कामाच्या जागी ते मिस्सा अर्पण करीत. बाकीचा वेळ तुआरेग भाषा शिकण्यात जाई. आणि याच प्रवासात त्यांनी शुभवर्तमानांचे त्या भाषेत भाषांतर करण्यास आरंभ केला. मोरोक्कोत ते वाटा मोजीत फिरले होते. आता शब्द गोळा करीत चालले होते. तेथे वही लपवावी लागे, येथे उघड्यावर बसून गुराख्यास, म्हातारीस, पोरासोरांस ते विचारीत की अमक्या झाडास काय म्हणता, तमक्या वाऱ्यास काय म्हणता. ज्याने विचारावे त्याने अगोदर बसावे लागते, आणि जो बसतो त्याच्याजवळच लोक मन मोकळे करतात.

एक गोष्ट मात्र आम्ही झाकून ठेवणार नाही. हा प्रवास विजेत्यांच्या पलटणीबरोबर झाला. फ्रेंच सत्तेने या लोकांचे कल्याण होईल असा शार्ल यांचा प्रामाणिक विश्वास होता, आणि अधिकाऱ्यांशी त्यांचा स्नेह शेवटपर्यंत राहिला. ज्या देशाने स्वतः परकी अंमल भोगला, त्या देशातील आम्हां लोकांस हे वाचताना खटकल्यावाचून राहत नाही, व राहूही नये. परंतु तिमियाविन येथे दुसऱ्या फ्रेंच तुकडीतील काही अधिकाऱ्यांचे तद्देशीयांशी वागणे पाहून त्यांस मनस्वी दुःख झाले, हेही तितकेच खरे आहे. सत्तेच्या सावलीत आलेल्या माणसाकडे लोक माणूस म्हणून पाहणार नाहीत, तर त्या सावलीतून बाहेर पडून त्यांच्यात राहिले पाहिजे, हे त्यांस हळूहळू उमगत गेले. संतदेखील आपल्या काळाची धूळ अंगावर घेऊनच चालतात. चालत राहिल्याने ती थोडी थोडी झडते, इतकेच.

सुमारे एक वर्ष भटकून १९०५ च्या जानेवारीत ते बेनी अब्बेसला परतले. गोट्यांच्या रांगेत पुन्हा राहू म्हटले तरी मन राहीना. त्याच वर्षी ३ मे रोजी ते पुन्हा निघाले. कॅप्टन दिनो यांच्या तुकडीबरोबर तीन महिन्यांहून अधिक काळ मजल दरमजल करीत, वाटेत तुआरेगांचे प्रमुख मूसा अग आमास्तान यांची भेट घेऊन, १३ ऑगस्ट १९०५ रोजी ते होगार पर्वतातील तामनरासेत येथे पोचले. त्या काळी ते सुमारे वीस चुलींचे खेडे होते. ना ठाणे, ना बाजार, ना टपाल. जवळचे मोठे ठिकाण इन सालाह; तेही सुमारे सातशे किलोमीटर दूर. मूसांनी राहण्यास संमती दिली, तुकडी पुढे निघून गेली, आणि शार्ल पॉलसह मागे राहिले. दगडमातीची एक चिंचोळी वास्तू उभी राहिली. तिच्यातच देऊळ, तिच्यातच बिछाना.

यापुढील वर्षांत काय घडले? जगाच्या हिशेबाने विशेष काहीच नाही. साहाय्यास एक तरुण बंधू आला, तो काही महिन्यांत प्रकृती न मानवल्याने परत गेला. तुआरेगांपैकी एकही त्यांच्या हातून ख्रिस्ती झाला नाही. बेनी अब्बेस येथे झालेले बाप्तिस्मे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. ज्या बंधुसंघाची नियमावली त्यांनी पुन्हा पुन्हा लिहिली, त्यात त्यांच्या हयातीत राहावयास कोणी आले नाही. १९०७ साली पाऊस पूर्णपणे रुसला, बकऱ्यांचे दूध आटले, दुष्काळ पडला. शार्ल यांनी जवळचे धान्य पोरांबाळांस वाटून टाकले. मिस्सेला उत्तर देण्यास दुसरा ख्रिस्ती नसल्याने, त्या काळच्या नियमाप्रमाणे, त्यांस मिस्सा अर्पण करता येईना. १९०७ चा नाताळ मिस्सेवाचून गेला. धर्मगुरूस याहून मोठी उपासमार ती कोणती?

१९०८ च्या जानेवारीत ते आजाराने अंथरुणास खिळले. श्वास लागे, हलवत नसे. आणि मग जे घडले, ते या सगळ्या चरित्राचे मर्म आहे असे आम्हांस वाटते. ज्यांची मुले उपाशी होती, त्या तुआरेग लोकांनी आसपासच्या कोसभर मुलखात ज्या ज्या बकरीच्या आचळात थेंबभर दूध असेल, ते गोळा करून आणिले आणि त्यांस पाजले. त्या दुधावर ते जगले. आजवर ते दाते होते. धान्य ते देत, औषध ते देत. आता देण्याजोगे हाती काही उरले नव्हते, तेव्हाच ते त्या लोकांचे झाले. मोरोक्कोत मुसलमान यजमानांनी त्यांचे प्राण राखिले होते. त्या कथेचा दुसरा अध्याय पंचवीस वर्षांनी होगारात लिहिला गेला. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस रोमहून परवानगी आल्याची वार्ता पोचली, आणि एकट्यास मिस्सा अर्पण करण्याची मोकळीक त्यांस मिळाली.

यानंतर त्यांनी तुआरेग भाषेचा कोश हाती घेतला. रोज तासन्‌तास बसून, शब्दाशब्दाची चौकशी करून रचलेला हा कोश त्यांच्या पश्चात १९५१-५२ साली चार खंडांत, सुमारे दोन हजार पृष्ठांचा, प्रसिद्ध झाला. त्या लोकांच्या कवितांचेही हजारो चरण त्यांनी टिपून ठेविले. बाप्तिस्म्याची नोंदवही रिकामी राहिली, पण त्या जमातीचा शब्द न्‌ शब्द त्यांच्या वहीत जपला गेला. एखाद्यावर प्रेम आहे असे म्हणणे सोपे असते. त्याची बोली दहा वर्षे शिकत राहणे कठीण.

पहिल्या महायुद्धाची धग अखेर वाळवंटासही लागली. १९१६ साली लोकांस आश्रय मिळावा म्हणून शार्ल यांनी तामनरासेत येथे एक लहानशी गढी बांधली; तीत फ्रेंचांच्या बंदुकाही ठेविल्या गेल्या. १ डिसेंबर १९१६ च्या संध्याकाळी, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, एका ओळखीच्या माणसाने टपाल आले म्हणून हाक दिली. त्यांनी दार उघडताच सशस्त्र लुटारूंनी त्यांस ओढून बाहेर काढले व हातपाय जखडून भिंतीशी बसविले. इतक्यात दोन उंटस्वार शिपाई येताना दिसले. गोंधळात पहारेकऱ्याने गोळी झाडली आणि शार्ल जागीच गतप्राण झाले. पॉल अंबारेक तेथे होता. गुलामगिरीतून सोडविलेल्या त्या मुलाने हे सारे डोळ्यांनी पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांसह त्यांस जवळच्या खंदकात पुरले. तीन आठवड्यांनी फ्रेंच अधिकारी तेथे पोचला, तेव्हा लुटारूंनी फेकलेल्या वस्तूंत, वाळूत पडलेले पवित्र साक्रामेंताचे पात्र सापडले. त्यांचे स्नेही लापेरीन हेही १९२० साली विमान कोसळून त्याच वाळवंटात वारले व तामनरासेत येथे पुरले गेले. शार्ल यांचा देह १९२९ साली उत्तरेस एल गोलेआ येथे हलविण्यात आला.

बीज मात्र वाळूत मेले नव्हते. १९३३ साली येशूचे लहान बंधू व १९३९ साली येशूच्या लहान भगिनी हे संघ त्यांच्या आदर्शावर उभे राहिले. गोरगरिबांच्या वस्तीत भाड्याच्या खोलीत राहावे, त्यांच्यासारखेच काबाडकष्ट करावे, आणि शेजारी म्हणून नांदावे, हे त्यांचे व्रत. १३ नोव्हेंबर २००५ रोजी शार्ल यांस धन्यवादित घोषित केले गेले, व पुढे संतपद लाभले, ते आम्ही आरंभी सांगितलेच आहे.

प्रिय धर्मबंधूभगिनींनो, महोत्सवाच्या दिवशी आपण आकडे वाचू, घंटा वाजवू, देवाचे आभार मानू. ते योग्यच आहे. परंतु आमच्या नोंदवहीत ज्यास रकाना नाही, असेही पुष्कळ घडले आहे. कोणी शेजाऱ्याच्या आजारपणात रात्र जागून काढली, कोणी अन्य धर्माच्या घरी दुःखाच्या वेळी जाऊन नुसते बसले, आणि कित्येकदा त्या घरांनी आपल्या संकटात दुधाचा पेला पुढे केला. आम्हां धर्मगुरूंचीही एक चूक आहे. आम्ही देण्यास नेहमी तयार असतो, घेण्यास लाजतो. तीस वर्षांच्या सेवेनंतर आम्हांस वाटते की ज्या घरी आम्ही आशीर्वाद देऊन घाईने उठलो, त्यापेक्षा ज्या घरी भाकरीचा तुकडा मागून खाल्ला, तेथे प्रभूचे काम अधिक झाले.

उंटाचा तांडा पावलापावलानेच पुढे सरकतो. त्यास घाई करता येत नाही; केली तर जनावर मरते, मागून माणूस. आपल्या धर्मग्रामाची पुढील वाटचालही त्याच चालीने होवो, वाटेवरच्या कोणत्याही वाटसरूशी दोन शब्द बोलण्यास आपणांस सवड राहो, आणि संत शार्ल द फुको यांच्या मध्यस्थीने प्रभु येशू ख्रिस्त आपणां सर्वांचे कल्याण करो, हीच आमची प्रार्थना.